पांढरा उजेड

माझ्या धाकट्या नणंदेचं, इंदूचं, लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच साली आमच्या गावात विजेचे खांब आले. आले म्हणजे नुसते येऊन पडले. आग्रा रस्त्याच्या कडेला ते लोखंडी खांब ओळीनं निजवून ठेवले होते आणि आळीतली पोरं त्यांवरून तोल सांभाळत चालायची पैज लावत. तारा कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

होळी होऊन गेली होती. मी परसात राखेनं भांडी घाशीत बसले होते. एकाएकी न्हाणीच्या मागं धाडकन आवाज झाला. डब्याचं झाकण माझ्या डोक्यावरून गेलं, कौलांवर आपटलं आणि कुंपणापलीकडं बकुळाकाकूंच्या वाळवणात जाऊन पडलं.

"अरे मुडद्या मुकुंदा!" पलीकडून काकू ओरडल्या. "माझ्या कुरडयांचा चुरा केलास रे! तुझ्या बहिणीच्या लग्नात काय तळणार आहेस, तुझा तो डबा?"

न्हाणीच्या मागून मुकुंद आला. मुकुंद माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो खेळण्याच्या वयाचा होता, मी त्याला न्हाऊमाखू घातलेलं. तरी रीतीप्रमाणं मी त्याला भावजीच म्हणे. आता मॅट्रिकची परीक्षा देऊन बसला होता. तोंड काळंकुट्ट झालेलं आणि त्यात पांढरे दात.

"वहिनी, पेटला! पांढरा पेटला. चुन्यासारखा पांढरा!"

"भावजी, तुमच्या भुवया कुठं आहेत?"

त्यानं कपाळ चाचपलं. "येतील परत," म्हणाला.

त्याचं वेड मला ठाऊक होतं. मागल्या जत्रेत त्यानं एका मिठाईवाल्याच्या पालात कार्बाइडचा दिवा पाहिला. राखाडी खडे, त्यावर ठिबकणारं पाणी, त्यातून निघणारा लसणीसारख्या वासाचा गॅस, आणि त्या गॅसची ज्योत. आमच्या कंदिलापुढं ती ज्योत म्हणजे पुनवेचा चंद्रच. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. शाळेतल्या सबनीस मास्तरांना विचारून विचारून त्यानं सगळी कृती समजावून घेतली. मग सायकलवाल्याकडून खडे मिळवून न्हाणीच्या मागं खटाटोप सुरू केला. कधी मडकं फुटे, कधी डबा. एकदा पाणी तापवायच्या बंबावरच प्रयोग केला आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांच्या अंगाला लसणीचा वास येत होता.

आवाज ऐकून मामंजी, म्हणजे माझे सासरे, हातोडी हातात घेऊनच परसात आले. आमचं घर तांबटाचं. पुढं दुकान, ते माझे यजमान सांभाळत. मधे कारखाना, म्हणजे एक लांब पडवी, भाता आणि खरवई. खरवई ही आमची ऐरण, लांब लोखंडी दांड्यासारखी. तिच्यावर भांडं पालथं घालून वरून ठोकायचं. मामंजींच्या हातची घंगाळं लांबलांबचे व्यापारी मागून नेत. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उठवत जायचे, त्याला मठार म्हणतात. मामंजींचा मठार असा, की भांडं उन्हात धरलं तर माशाच्या खवल्यांसारखं चमके.

"काय चाललंय?" मामंजींनी विचारलं.

"आबा, दिवा." मुकुंदानं सांगून टाकलं. "इंदूचं लग्न गोरज मुहूर्तावर आहे. सांज होणार. भाड्याच्या गॅसबत्त्या आणण्यापेक्षा मी मांडवभर उजेड करतो. एका पिंपात पाणी, त्यात दुसरं पिंप पालथं. गॅस त्यात साठतो, आणि नळीनं मांडवात खेळवायचा. मास्तर म्हणाले, जमेल."

"मास्तरला मुलीचं लग्न नाही करायचं. मला करायचंय."

"आबा, एकदा बघा तरी."

मामंजी त्याच्या काळ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हातोडी फेकून मारतात. पण ते म्हणाले, "तुला पुण्याला शिकायला जायचंय ना? त्या यंत्राच्या शाळेत?"

मुकुंदानं तोंडावरची काजळी बाहीनं पुसली. दिवाळीपासून ह्याच गोष्टीवरून घरात धुसफूस चालली होती. थोरल्यानं दुकान धरलं, धाकट्यानं खरवई धरावी, हे मामंजींचं ठरलेलं. आणि मुकुंदाला खरवईचा जीवघेणा कंटाळा. ठक ठक ठक, दिवसभर एकच. तो मला म्हणायचा, "वहिनी, हा आवाज मला झोपेत पण ऐकू येतो हो."

"तर मग असं," मामंजी म्हणाले. "वऱ्हाड नाशकाचं आहे. त्यांच्या घरी बटणाचे दिवे. मांडवात तू उजेड केलास तर जा पुण्याला, मी आडवा येणार नाही. पण पाहुण्यांसमोर अंधार पडला, माझं नाक गेलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर खरवईला बसायचं. पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मुकुंद म्हणाला. मामंजींचं बोलणं पुरतं संपायच्या आतच.

लग्नाच्या तोंडावर परसात ती पिंपं उभी राहिली. मुकुंदानं रबराच्या नळ्या जोडून पाहिल्या, दिवा लागला, स्वच्छ लागला. तो नुसता नाचत होता. मामंजी रोज काहीतरी निमित्त काढून परसात येत, दुरून बघत आणि नाक मुरडून जात. एके दिवशी मात्र ते जवळ आले आणि रबराची नळी दोन बोटांत धरून उचलली.

"हे काय? दवाखान्यात पोट साफ करायला आणतात ते?"

"नळी आहे, आबा. गॅस न्यायला."

"मांडवाच्या खांबाखांबावरून ही आतडी लोंबकळणार? लोक बघतील आणि म्हणतील, तांबटाच्या घरचं कार्य आणि नळ्या रबराच्या. व्याही हसेल. म्हणेल, ह्यांच्या घरात तांब्याचा दुष्काळ पडलाय."

"मास्तरांनी रबराच्याच सांगितल्यात."

"मास्तर थोडाच तांबट आहे? त्याला रबरच सुचणार. मी करून देतो."

मुकुंद त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुम्ही, आबा?"

"मग कोण, भाड्यानं माणूस आणू? किती लांब पाहिजे, कुठं वळण पाहिजे, कोळशानं भिंतीवर काढून दे."

मामंजी आत गेल्यावर मुकुंद न्हाणीच्या दगडावर बसला. मी म्हटलं, "भावजी, मास्तरांना एकदा विचारा की."

"मास्तर सुट्टीत कोकणात गेलेत. ज्येष्ठ लागल्याशिवाय यायचे नाहीत." मग तो हळूच म्हणाला, "वहिनी, आबा आजवर माझ्या कुठल्या गोष्टीला हात तरी लावायला आले होते का? त्यांना नको कसं म्हणू?"

आणि खरं सांगते, तसे आनंदाचे दिवस मी त्या घरात दुसरे पाहिले नाहीत. बाप आणि मुलगा पहिल्यांदाच एका कामाला बसले. मामंजी पत्रा कापत, गोल वळवत, सांधा झाळत. मुकुंद भाता ओढे आणि सांगे, "आबा, इथं तोंड बारीक." मामंजी म्हणत, "तुझ्या जिभेइतकं बारीक करू का?" नळ्या झाल्यावर, गरज नसताना, मामंजींनी त्यांवर मठारसुद्धा घातला. मुकुंद म्हणाला, "आबा, गॅसला मठार दिसत नाही." मामंजी म्हणाले, "गॅसला नसेल दिसत. मला दिसतो."

लग्नाच्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला. आंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवात तो करडा अंधार पसरू लागला की ज्यात माणसाचं तोंड दिसतं पण ओळखू येत नाही. माझे यजमान माझ्याजवळून जाताना पुटपुटले, "गॅसबत्त्या सांगून ठेवायला हव्या होत्या." मामंजी नवरीच्या मागं उभे होते, पण त्यांची नजर परसाच्या दाराकडं लागली होती.

तेवढ्यात पहिला दिवा लागला. मग त्याच्या पलीकडचा. मग सगळे. सनईवाल्याचा सूर क्षणभर अडखळला. तो उजेड असा होता की बायकांनी आपसूक पदर सावरले. इंदूच्या गालावरची हळद दिसली, अक्षतांचे दाणे हवेत उडताना एकेक दिसले. आणि वर, खांबाखांबावरून गेलेल्या त्या तांब्याच्या नळ्या, मठाराचा ठसा न् ठसा झळकत होता.

जेवणाच्या पंगतीत व्याही म्हणाले, "उजेड झकास आहे हं. आमच्याकडं काय, बटण दाबलं की झालं."

मामंजी म्हणाले, "बटण काय, कुणीही दाबतं. हा उजेड माझ्या पोरानं केलाय." आणि थोडं थांबून, "नळ्या माझ्या हातच्या."

ते वाक्य त्यांनी त्या सांजेला प्रत्येक पानापाशी जाऊन म्हटलं. मी तूप वाढत त्यांच्यामागं होते. उत्तररात्री वरात निघून गेली तेव्हा मुकुंद पिंपापाशी मातीतच झोपून गेला होता आणि मामंजींनी आपलं उपरणं त्याच्या अंगावर घातलं होतं.

नळ्या दुसऱ्या दिवशी उतरवल्या आणि पडवीत खुंट्यांना टांगून ठेवल्या. तांबट तांबं टाकत नाही. वैशाखाचं ऊन, पत्र्याची पडवी. नळ्या तिथं वाळत राहिल्या. मुकुंद पास झाला. पुण्याहून बोलावणं आलं. मामंजी शब्दाला जागले. त्यांनी स्वतः बाजारातून त्याला वळकटीसाठी सतरंजी आणली.

निघायचा आदला दिवस. दुपार कलत आली होती. मी चुलीपाशी वाटेसाठी दशम्या करत होते. पडवीतून मामंजींची हाक ऐकू आली, "मुकुंदा, ये. जायच्या आधी एकदा बस माझ्यासमोर."

"आता? सामान बांधायचंय, आबा."

"ये तर. ह्या नळ्यांचा तुला एक तांब्या करून देतो. पुण्याचं पाणी कसलं असतं देव जाणे. आपल्या तांब्यातून पीत जा. इंदूच्या मांडवातलं तांबं आहे."

मी दशमी उलटता उलटता दारातून बघितलं. मुकुंद येऊन बसला. त्यानं नळी डोळ्याजवळ धरून आत पाहिलं.

"आबा, आत काळं धरलंय. तपकिरी-काळं. खरपुडी बसलीय."

"धुराचं असेल. चिंचेनं जाईल. आधी सांधा उघडू, पत्रा सपाट करू, मग चिंच लावू. नळीत बोट घालून घासणार आहेस काय?"

हे आमच्यात सगळे असंच करतात. आधी ठोकायचं, मग चिंच. आजही आळीत कुणी वेगळं करणार नाही.

मामंजींनी नळी खरवईवर आडवी धरली. नळीचं तोंड मुकुंदाकडं. "मार," ते म्हणाले. मुकुंदानं हातोडी उचलली, हसत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, ऐका, शेवटचा ठोका."

त्यानं मारला. काही झालं नाही. "जोरात मार की," मामंजी म्हणाले, "पुण्याला जायच्या आधीच हात नाजूक झाला?"

दुसरा ठोका मी ऐकला नाही. मी ऐकला तो दुसराच आवाज. कान बंद झाले. पडवी धुरानं भरली होती आणि धुरातून मामंजींचा ओरडा येत होता, लांबून आल्यासारखा. मी धावले. मामंजींच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. मुकुंद बसल्या जागी बसला होता, हातोडी अजून हातात. तो अजिबात ओरडत नव्हता. तोंड माझ्याकडं करून म्हणाला, "वहिनी, दिवा का घालवला?"

नाशकाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोलायला माझ्या यजमानांना बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजले. डोळे गेले होते, दोन्ही.

मामंजींची खाट त्याच्या शेजारीच होती. हाताला बँडेज, आणि तोंडाला विसावा नाही. "हजारदा सांगितलं, त्या गॅसच्या नादी लागू नको. माझ्या तोंडातून शब्द गेला आणि मी फशी पडलो. शास्त्र शिकायचं होतं! घे शास्त्र." मध्येच हुंदका यायचा आणि मग पुन्हा शिव्या. मला कळत होतं, त्या शिव्या थांबल्या तर ते मोडून पडतील. पण ऐकवत नव्हतं. मुकुंद भिंतीकडं तोंड करून पडलेला असे.

एके दुपारी सबनीस मास्तर आले. कोकणातून परतताच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मामंजींना पट्टी बदलायला नेलं होतं. मास्तर मुकुंदाच्या खाटेवर बसले, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही विचारत होते. मी लांब उभी होते. मास्तरांनी एकाएकी कपाळाला हात लावलेला मी पाहिला. मुकुंदानं चाचपत त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मास्तर गेले ते डोळे पुसत.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काही नाही. माझी पुस्तकं कुणाला द्यायची विचारत होते."

पुण्याची वळकटी सुटली ती परत बांधली नाही. काही महिने मुकुंद ओट्यावर नुसता बसून असे. मग एका सकाळी तो भिंत धरत पडवीत आला, आपणहून खरवईपाशी बसला आणि म्हणाला, "आबा, धरा."

मामंजींच्या डाव्या हातात आता जोर कमी होता, पण भांडं धरण्यापुरता होता. मुकुंदाला दिसत नव्हतं, पण हातोडी हातात होती. मामंजी कळशी खरवईवर फिरवत, आणि ती जिथं येई तिथं मुकुंद मारी. आधी हुकले, खूप हुकले. मग हळूहळू आवाजावरून त्याला कळू लागलं, पत्रा कुठं पोकळ आहे, कुठं बसलाय. दोघं मिळून एक तांबट झाला. आणि काय सांगू, त्या एका तांबटाचा मठार मामंजींच्या एकट्याच्या मठारापेक्षा सरस होता. ज्या आवाजाला पोरगा कंटाळला होता, त्या आवाजावरच त्याचं पोट भरू लागलं.

गिऱ्हाईक येई, मुकुंदाकडं बघून हळहळे. मामंजी लगेच सुरू. "पोराला शास्त्र शिकायचं होतं ना! घरात गॅस करत होता. गॅसनं डोळे नेले. माझी बोटं नेली." रोज. वर्षानुवर्षं. मुकुंद मान खाली घालून ठोकत राही. कधीतरी म्हणे, "हो, चुकलंच माझं." एकदा मी रागानं म्हटलं, "मामंजी, पुरे आता." तर मुकुंदच मला म्हणाला, "वहिनी, बोलू द्या त्यांना."

दरम्यान विजेचे खांब उभे राहिले, तारा आल्या, आमच्या पडवीतही दिवा आला. पहिल्यांदा लागला तेव्हा मुकुंदानं विचारलं, "कसा आहे उजेड, वहिनी?"

"पिवळा आहे," मी म्हटलं.

"आपला पांढरा होता," तो म्हणाला.

मला अक्षर शिकवलं ते त्यानंच. घरात पेपर येई. मामंजींना अक्षरओळख नव्हती, यजमान दुकानात डोळ्याखालून घालत आणि तो पुड्या बांधायला जाई. मुकुंद एकदा म्हणाला, "वहिनी, पेपर घरात असून मला जगाचं काही कळत नाही. तुम्ही शिका की वाचायला."

"चूल फुंकून फुंकून केस पिकायला लागले, भावजी. ह्या वयात?"

"मी ह्या डोळ्यांनी मठार शिकलो. तुम्हाला तर दोन डोळे आहेत."

तांब्याच्या कात्रणांवर तो ठशाच्या खिळ्यानं टिंबं टिंबं पाडून अक्षर काढी. मी त्यावरून बोट फिरवी, मग तो फिरवी. चुकलं की त्याला बोटालाच कळे. 'क' पहिला. पहिला वाचलेला शब्द 'कळशी'. मामंजी हसत, "आंधळा मास्तर आणि म्हातारी शाळकरीण." दोन वर्षांनी मी पेपर वाचू लागले. हळू वाची, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा करून. दुपारी जेवणं झाली की पडवीत बसायचं, मी वाचायचं आणि दोघं ठोकता ठोकता ऐकायचे.

अशीच एक दुपार. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. घंगाळाच्या बुडावर काम चाललं होतं, ठक ठक ठक. मी आतल्या पानावरची एक बारीकशी बातमी वाचायला घेतली.

"कुठल्याशा गावात," मी वाचलं, "वेल्डिंगच्या दुकानात... स्फोट. दोघे... जखमी. कार्बाइडपासून... गॅस तयार करताना..."

"बघ!" मामंजी म्हणाले. "तोच गॅस. अजून लोकांना अक्कल नाही. वाच, वाच पुढं."

"...तपास करणाऱ्या... अधिकाऱ्यांनी... सांगितले, की..."

माझं बोट पुढं सरकलं आणि पुढच्या ओळीवर मी अडले. हळू वाचणाऱ्याचं असं असतं, तोंडात एक शब्द असतो तेव्हा डोळ्याला पुढचे दोन दिसत असतात. पुढं लिहिलं होतं, की हा स्फोट तांब्याची नळी वापरल्यामुळं झाला. ह्या गॅसला तांबं वर्ज्य आहे. तांब्याला आतून खरपुडी धरते आणि ती वाळली की नुसत्या ठोक्यानं पेट घेते.

पडवीत एकदम शांत झालं. मी वर बघितलं. मुकुंदाची हातोडी हवेतच थांबली होती. त्याचं तोंड माझ्याकडं होतं, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं त्यावरून मला कळलं, की पुढं काय लिहिलं असेल ते त्याला ठाऊक आहे. आजचं नव्हे. फार दिवसांपासून ठाऊक आहे. मला मास्तरांचा कपाळाला लागलेला हात आठवला.

मामंजी दोन्ही हातांनी घंगाळ धरून बसले होते. एका हाताची पाच बोटं, एकाची तीन. थकले होते. "काय गं, शाळकरीण? अडलीस? काय म्हणाला अधिकारी? कशानं झालं?"

मी ओळीखाली बोट धरलं, आणि वाचलं, "की... लोखंडाची... नळी... गंजल्यामुळे... हा स्फोट... झाला."

"लोखंडाची?"

"हो, मामंजी. लोखंडाची."

"परत वाच."

मी परत वाचलं. शब्द न् शब्द तसाच. माझा आवाज कापला नाही. 

 मामंजींनी घंगाळावरून आपला तो तीन बोटांचा हात फिरवला. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "लोखंड असतं तर मांडवातच उडालं असतं. वऱ्हाड जळालं असतं. इंदू जळाली असती. माझं तांबं होतं म्हणून लग्न तरी पार पडलं."

मी मुकुंदाकडं बघायचं धाडस केलं नाही.

"हो, आबा," त्याचा आवाज आला. "तांब्यानंच वाचवलं."

"मग!" मामंजी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं समाधानानं बसलेलं पाहिलं नव्हतं. "नळ्या माझ्या हातच्या होत्या. चल, मार."

आणि ठक ठक ठक पुन्हा सुरू झालं.

ऊन उतरल्यावर मुकुंद हात धुवायला परसात आला. मी त्याच्या हातावर पाणी घातलं. पेपर मी चुलीत घातला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "लोखंड लिहिलं होतं?"

"हो."

"नीट वाचलंत?"

"तुम्हीच शिकवलंय. बोट धरून."

तो हसला. अगदी न्हाणीच्या मागून काळं तोंड घेऊन आला होता तसा हसला. मग मी विचारलं, "दवाखान्यातच कळलं होतं ना? मास्तरांकडून?"

"हो."

"आणि इतकी वर्षं त्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या? एकदा तरी सांगावं, भावजी. एकदा तरी."

त्यानं ओले हात धोतराला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"वहिनी, भांडं आबा धरतात," तो म्हणाला. "मला दिसत नाही. त्यांचा हात जिथं धरतो तिथंच मी मारतो. त्यांना हे कळलं तर तो हात कापायला लागेल. आणि तो हात कापला, तर मी मारायचं कुठं?"

 आत मामंजींनी हाक मारली, "मुकुंदा, दिवस आहे तोवर बूड पुरं करू." तो भिंत धरून आत गेला.

मामंजी बाहत्तरच्या दुष्काळात, आषाढात गेले. मुकुंदभावजी गेल्या वर्षी माघात गेले. म्हणून आता हे सांगते.